झोपेची तक्रार नेमकी कोणती? ओळखण्यापासून उपचारापर्यंत

'रात्री झोप नीट होत नाही' असं चार जण सांगत असतील, तर त्या चौघांचे त्रास चार वेगळे असू शकतात. पहिला ११ वाजता अंथरुणाला पाठ टेकतो आणि २ वाजेपर्यंत आढ्याकडे बघत पडतो. दुसऱ्याला पडल्या पडल्या झोप लागते, तो रात्रभर घोरतो आणि तरी सकाळी अंग आंबलेलंच असतं. तिसऱ्याच्या पोटऱ्यांत संध्याकाळपासून काहीतरी वळवळतं, पाय हलवल्याशिवाय चैन पडत नाही. चौथ्याची झोप छान गाढ आहे, फक्त ती पहाटे ३ वाजता लागते आणि कॉलेज ८ वाजता भरतं.

या चौघांना एकच झोपेची गोळी दिली तर पहिल्याला काही आठवडे बरं वाटेल, दुसऱ्याचा श्वास आणखी अडकू शकेल, तिसऱ्याचे पाय तसेच राहतील आणि चौथ्याचं घड्याळ जागचं हलणार नाही. म्हणून गोळी, काढा, नवी गादी या सगळ्याच्या आधी आपला त्रास कोणता हे ठरवायचं. त्यासाठी एक वही, मापं घ्यायची एक टेप आणि १४ दिवस लागतात.

झोप आणणाऱ्या दोन गोष्टी

झोप दोन गोष्टींच्या जोडीवर चालते. अलेक्झांडर बोर्बेली या संशोधकाने १९८२ मध्ये हे मांडलं आणि आजही झोपेचे अनेक उपचार याच पायावर उभे आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे झोपेची भूक. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे, तितकी भूक जास्त. झोपेत ते निचरतं. चहा-कॉफीतलं कॅफिन ॲडेनोसिनची जागा अडवून बसतं. भूक तशीच असते, फक्त ती कळत नाही. कॅफिन शरीरात रेंगाळतंही बराच वेळ: निम्मं उतरायला साधारण ५ तास. म्हणजे संध्याकाळी ६ वाजता घेतलेल्या कॉफीचा अर्धा भाग रात्री ११ वाजता अजून अंगात असतो. 'मी कॉफी पिऊनही झोपतो' असं म्हणणाऱ्यांना झोप लागते हे खरं, पण ती उथळ होते आणि ते त्यांना जाणवत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. डोळ्यांमागे, मेंदूच्या तळाशी असलेल्या चिमूटभर पेशींच्या पुंजक्यात ते चालतं. त्याचा फेरा माणसात सरासरी २४ तासांहून थोडा मोठा असतो, म्हणून ते रोज जुळवून घ्यावं लागतं. हे काम मुख्यत्वे प्रकाश करतो. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. रात्रीचा झगझगीत उजेड ते मागे ढकलतो. घरातल्या ट्यूबलाइटखाली १०० ते ३०० लक्स (लक्स हे उजेडाचं माप) उजेड असतो, तर बाहेर उघड्यावर स्वच्छ सकाळी १०,००० लक्सच्या वर. खिडकीशी बसून चहा पिणं आणि अंगणात बसून पिणं यांत घड्याळाच्या दृष्टीने एवढा फरक आहे. मेलाटोनिन हा संप्रेरक या घड्याळाचा निरोप्या: 'अंधार पडला' एवढंच तो शरीराला सांगतो. त्याला झोपेची गोळी समजून घेतलं की निराशा पदरी पडते.

दुपारी १ ते ३ दरम्यान या घड्याळात एक उतार येतो, जेवण हलकं असलं तरी येतो. वामकुक्षी त्या उतारावर बसते. २० ते ३० मिनिटांची, ३ वाजण्याच्या आत संपणारी वामकुक्षी बहुतेकांना चालते. दीड तास ताणून दिली तर रात्रीच्या झोपेची भूक मारली जाते. ज्याला रात्री झोपच लागत नाही त्याने मात्र दुपारची झोप पूर्ण बंद करायची.

आता रात्रीच्या आतलं. १९५३ मध्ये शिकागोत यूजीन ॲसरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी झोपेत डोळे वेगाने हलण्याचे टप्पे नोंदवले. तीच रेम झोप, ठळक स्वप्नांची. हलकी झोप, गाढ झोप, रेम असा एक फेरा साधारण ९० मिनिटांचा असतो आणि रात्रीत असे ४ ते ६ फेरे होतात. पण सगळे फेरे सारखे नसतात. गाढ झोप बरीचशी रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात उरकते, रेम शेवटच्या तृतीयांशात साठलेली असते. हे लक्षात ठेवा, पुढे दोन-तीन ठिकाणी कामाला येईल. फेऱ्यांच्या मधे क्षणभर जाग येणं, कूस बदलणं हे सगळ्यांनाच होतं. तो आजार नव्हे.

प्रौढांना किमान ७ तास लागतात. १३ ते १८ वयाला ८ ते १०, शाळकरी ६ ते १२ वयाला ९ ते १२. वय झालं की झोप उथळ आणि तुटक होते, पण 'म्हाताऱ्यांना ४ तास पुरतात' हा समज चुकीचा आहे.

१४ दिवसांची वही

रोज सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, पुढच्या गोष्टी लिहायच्या: अंथरुणावर किती वाजता पडलो, दिवा कधी मालवला, झोप लागायला किती वेळ गेला, मधे किती वेळा उठलो आणि मिळून किती मिनिटं जागा होतो, शेवटची जाग कधी आली, अंथरुणातून कधी उठलो. खाली एका ओळीत आदल्या दिवसाचा चहा-कॉफी, दारू, तंबाखू, दुपारची झोप आणि घेतलेली औषधं, वेळांसकट. सुट्टीचे दिवस वगळू नका, खरी गोष्ट तिथेच सापडते.

यात एक चूक जवळजवळ सगळे करतात. अचूक आकडे हवेत म्हणून रात्री घड्याळ बघतात. 'अडीच वाजले, आता साडेतीन तासच उरले' हा हिशोब सुरू झाला की छाती धडधडते आणि उरलेली झोपही जाते. घड्याळ पाठमोरं ठेवा, मोबाइल हाताच्या अंतराबाहेर. सकाळचा अंदाज पुरेसा आहे. मनगटावरचं घड्याळ 'गाढ झोप ४२ मिनिटं' वगैरे दाखवतं, त्यावर विसंबू नका. एकूण वेळ ते बऱ्यापैकी सांगतं, टप्पे ओळखायला कच्चं असतं.

दोन आठवड्यांनी एक आकडा काढा, झोपेचा टक्का. प्रत्यक्ष झोपेची मिनिटं भागिले अंथरुणातली मिनिटं, गुणिले १००. समजा कुणी १० वाजता पडतं, साडेसहाला उठतं, म्हणजे अंथरुणात ५१० मिनिटं. त्यातली झोप सरासरी ३५० मिनिटं. टक्का झाला ६९. चांगल्या झोपेत तो ८५ च्या वर असतो.

याच काळात घरच्यांना विचारा: घोरतो का, श्वास थांबल्यासारखा वाटतो का, हातपाय झाडतो का? एकटे राहत असाल तर मोबाइल खोलीतच, पण हाताच्या अंतराबाहेर ठेवून दोन रात्री आवाज ध्वनिमुद्रित करा. आणि दिवसाची पेंग मोजा. एपवर्थ पट्टी नावाची ८ प्रश्नांची यादी सहज मिळते: वाचताना, टीव्हीपुढे, बसमध्ये, दुपारी जेवणानंतर बसल्या जागी डुलकी लागण्याची शक्यता किती, प्रत्येकी ० ते ३ गुण. २४ पैकी १० च्या वर गेलात तर पेंग जास्त आहे. नुसता थकवा आणि पेंग यांत फरक करा. निद्रानाशाचा रोगी दमलेला असतो, पण दुपारी आडवा झाला तरी त्याला झोप येत नाही. श्वास अडकणाऱ्याला सिग्नलला थांबल्यावरही डुलकी लागते.

निद्रानाश: झोपेला अंथरुणाची ओळख पुन्हा करून देणं

आठवड्यात किमान ३ रात्री, किमान ३ महिने झोप लागायला किंवा टिकायला त्रास होतो, आणि झोपायला पुरेसा वेळ असूनही होतो, तेव्हा तो जुनाट निद्रानाश.

याची सुरुवात एखाद्या धक्क्याने होते: घरात आजारपण, नोकरीचा घोर, बाळंतपण. धक्का ओसरतो, पण त्या काळात जडलेल्या सवयी मागे राहतात. झोप भरून काढायला ९ वाजताच आडवं होणं, रविवारी १० पर्यंत लोळणं, दुपारी पडून बघणं. या सवयी वाटतात उपायासारख्या, आणि निद्रानाशाला जिवंत त्याच ठेवतात. हळूहळू अंथरूण म्हणजे जागं राहण्याची आणि काळजी करण्याची जागा, असं मेंदू शिकून घेतो. सोफ्यावर डोळे मिटत होते आणि गादीवर जाताच टक्क जाग आली, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना हे लगेच कळेल.

अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशासाठी पहिला उपचार म्हणून गोळ्यांच्या आधी वर्तनोपचार सांगितला. त्याचे दोन कणे आहेत, आणि दोन्ही घरी करता येतात.

पहिला कणा, अंथरुणाचे नियम:

१. पेंग आल्यावरच अंथरुणात जायचं. नुसतं दमल्यावर नाही.
२. अंथरुणात झोप आणि शरीरसंबंध, बाकी काही नाही. मोबाइल, जेवण, हिशोब, भांडण सगळं बाहेर.
३. अंदाजे २० मिनिटांत झोप लागली नाही किंवा जीव कातावला, तर उठून दुसऱ्या जागी बसायचं. मंद दिवा, काहीतरी संथ काम. पेंग आली की परत.
४. पुन्हा झोप लागली नाही तर पुन्हा उठायचं. पहिल्या रात्री चार-पाच वेळाही होईल.
५. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ रोज तीच, रविवारीसुद्धा.

एका खोलीच्या घरात 'दुसरी जागा' कुठून आणायची? खोलीच बदलायला हवी असं नाही, अंथरूण सुटलं पाहिजे. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी स्टूल, गॅलरीतली खुर्ची, भिंतीशी टाकलेली चटई, काहीही चालतं. शाल आणि निवडायला घेतलेली भाजी संध्याकाळीच तिथे ठेवून द्या. अपरात्री शोधाशोध करावी लागली की उठणं टाळलं जातं.

दुसरा कणा जास्त प्रभावी आणि जास्त अवघड: अंथरुणातला वेळ कमी करणं. वरच्याच माणसाला प्रत्यक्ष झोप ३५० मिनिटं मिळते, तर त्याला अंथरूणही तेवढंच द्यायचं, ६ तास. उठायची वेळ आधी ठरवा, समजा सकाळी ६. मग झोपायची वेळ आपोआप रात्री १२. दहाला डोळे जड झाले तरी बारापर्यंत जागायचं. पहिल्या आठवड्यात तो ३२० मिनिटं झोपला, ३६० पैकी ३२० म्हणजे ८९ टक्के. टक्का ८५ ते ९० मधे असेल तर वेळ तीच ठेवायची. दुसऱ्या आठवड्यात ३३० मिनिटं, ९२ टक्के. ९० च्या वर गेल्यामुळे १५ मिनिटांची वाढ: आता झोपायची वेळ पावणेबारा. ८५ च्या खाली आला असता तर १५ मिनिटं कापली असती. आठवड्याला एकदाच बदल करायचा, रोज नाही. आणि वही काहीही म्हणो, ५ ते साडेपाच तासांच्या खाली जायचं नाही.

सहा ते आठ आठवडे लागतात. पहिले दोन वाईट जातात, दिवसा डोळे चुरचुरतात, चिडचिड होते, आणि सोडणारे नेमके इथेच सोडतात. पण ती वाढलेली पेंग म्हणजे झोपेची भूक पुन्हा लागल्याची खूण आहे. बाकी घात होतो तो साडेनऊच्या मालिकेपुढे बसल्या बसल्या लागलेल्या डुलकीने. १५ मिनिटांची ती डुलकी रात्रीचा तास खाते. उभं राहा, भांडी आवरा, उद्याचे कपडे काढून ठेवा.

हा दुसरा कणा सगळ्यांसाठी नाही. अपस्मार (फिट येणं), बायपोलर आजार, उपचार न झालेला स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास थांबण्याचा आजार), झोपेत चालण्याची सवय, पडण्याचा धोका असलेलं वार्धक्य किंवा गाडी-यंत्र चालवण्याचं काम असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय करू नका. पहिल्या कण्यापाशी थांबा.

गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगायला हवं. अल्प्राझोलम, झोल्पिडेम ही औषधं भारतात एच-१ अनुसूचीत आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी घराघरांत शेजाऱ्याने दिलेली अर्धी गोळी सापडते. काही आठवड्यांत शरीराला त्यांची सवय होते, तोच परिणाम मिळायला मात्रा वाढवावी लागते. वयस्कांत रात्री तोल जाऊन पडणं आणि विसराळूपणा हे धोके खरे आहेत. पण महिनोन्महिने घेत असाल तर वाचून आजच बंद करू नका. एकदम सोडल्यास झोप पार उडते, आणि क्वचित झटकेही येतात. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने आठवड्या-आठवड्याने उतरवायची. दारूचंही तसंच: ती झोप लवकर आणते, पण उत्तररात्री उतरताना तोडते आणि घशाचे स्नायू सैल करून घोरणं वाढवते.

घोरणं आणि थांबणारा श्वास

घोरणं म्हणजे गाढ झोप, ही समजूत आपल्याकडे फार खोल गेली आहे आणि तिने नुकसानही फार केलं आहे. अडथळ्याच्या स्लीप ॲप्नियात काय होतं ते जवळून बघा. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरते, वाट अरुंद होते, हवेने टाळूमागचा मऊ पडदा थरथरतो, तेच घोरणं. मग वाट मिटते आणि आवाज एकदम थांबतो. छाती-पोट वरखाली होत असतात, पण नाकातोंडातून हवा नाही. १०, २०, कधी ४० सेकंद. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू घाबरून क्षणभर जाग आणतो, फुर्रकन मोठा आवाज होतो, श्वास सुरू, आणि पुन्हा तेच. माणसाला सकाळी यातलं काही आठवत नाही. शेजारी झोपलेल्याला आठवतं ते आवाजानंतरची शांतता आणि 'आता श्वास घेतील ना' ही भीती.

१० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला की एक घटना धरतात. श्वास बराच उथळ झाला तर तीही मोजतात. तासाला ५ ते १५ घटना म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईत ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी करून २००४ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्यात १९.५ टक्के पुरुषांना झोपेत श्वासाचा त्रास आढळला, आणि ७.५ टक्क्यांना त्यासोबत दिवसाची पेंगही होती.

घरी ८ प्रश्न विचारा. बंद दाराबाहेर ऐकू येईल इतकं घोरता का? दिवसा पेंग येते का? श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? रक्तदाब आहे का? बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मान ४० सेंटिमीटरच्या वर, पुरुष आहात का? मान मोजताना शिंप्याची टेप कंठमण्याच्या पातळीवर, न आवळता धरायची. ३ 'हो' आले तर तपासणीचा विचार करा, ५ आले तर टाळू नका. यातली बीएमआयची अट आपल्याकडे फसवी आहे. लहान किंवा मागे सरकलेल्या हनुवटीच्या सडपातळ माणसालाही हा आजार होतो. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये तो वाढतो, आणि त्या घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, तुटक झोप असं सांगतात म्हणून सुटून जातो. रात्री तीन-चारदा लघवीला उठणं साखरेमुळे किंवा प्रोस्टेटमुळे असेल असं धरलं जातं, पण त्यामागे कित्येकदा हा आजार असतो. तीन औषधं घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल तर घोरण्याचा प्रश्न विचाराच. लहान मुलात तोंड उघडं टाकून घोरणं, घामाघूम होणं, पुन्हा सुरू झालेलं अंथरूण ओलं करणं, शाळेत चुळबुळ दिसली तर टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकामागची गाठ) तपासून घ्या. मुलांत पेंगेपेक्षा अतिचपळपणा जास्त दिसतो.

मध्यम आणि तीव्र आजारावर सगळ्यात भरवशाचा उपाय सीपॅप. १९८१ मध्ये सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी तो आणला. यंत्र मुखवट्यातून हवेचा सौम्य दाब देतं आणि घशाची वाट उघडी ठेवतं. दाब साधारण ४ ते २० सेंटिमीटर पाणी (हे दाब मोजायचं एकक) या टप्प्यात, तपासणीनुसार ठरतो. ऑक्सिजन सिलिंडरशी त्याचा संबंध नाही.

बरेच लोक यंत्र लवकरच कपाटात टाकतात, आणि कारणं साधी असतात. हवा डोळ्यांत जात असेल तर पट्टा आवळू नका, आवळल्याने गळती वाढते. यंत्र चालू करून, आडवं होऊन, मुखवटा थोडा उचलून पुन्हा बसवा. दाढी असेल तर नाकपुडीत बसणारा प्रकार विचारा. तोंड कोरडं पडतंय म्हणजे झोपेत ते उघडतंय: आधी चोंदलेल्या नाकाचा इलाज, मग तोंड झाकणारा मुखवटा. दमटपणा देणाऱ्या भांड्यात डिस्टिल्ड पाणी, रोज सकाळी ओतून भांडं कोरडं करायचं. पावसाळ्यात हे चुकलं की बुरशी धरते. गुदमरल्यासारखं होत असेल तर दिवसा टीव्ही बघताना रोज २० मिनिटं लावून सवय करा. वीज जाणाऱ्या गावात छोटा इन्व्हर्टर जोडा. पाणी गरम करणारा भाग बंद ठेवला तर बॅटरी बरीच जास्त टिकते. आणि पहाटे ४ वाजता मुखवटा काढून 'उरलेली झोप' मोकळ्याने घेऊ नका. त्या तासांत रेम असते, रेममध्ये स्नायू सगळ्यात सैल असतात, म्हणून श्वासही तेव्हाच जास्त अडकतो.

सौम्य आजारात कुशीवर झोपणं, संध्याकाळची दारू सोडणं, खालचा जबडा पुढे धरणारं दातांचं साधन यांचा उपयोग होतो. वजन १० टक्के उतरलं तर घटना ठळकपणे कमी होतात, पण तोवर यंत्र थांबवायचं नाही.

पायांची तळमळ

पायांची तळमळ (रेस्टलेस लेग्स) हा आजार ठरवायला चार गोष्टी जुळायला हव्यात: पाय हलवण्याची अनावर इच्छा, बसल्या-पडल्यावर वाढ, चालल्यावर आराम, आणि संध्याकाळी-रात्री जोर. पोटरीत गोळा येणं वेगळं, मधुमेहातली तळव्यांची आग वेगळी. ती चालल्याने थांबत नाही.

इथे पहिली तपासणी रक्तातल्या फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची. हिमोग्लोबिन ठीक असूनही मेंदूला लोह कमी पडू शकतं. फेरिटिन ७५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा त्याखाली असेल तर या आजारात लोह देतात, प्रयोगशाळेच्या कागदावर तो आकडा 'नॉर्मल' छापलेला असला तरी. गोळी लिंबू-आवळ्यासोबत, चहापासून दूर घ्या. जेवणावर लगेच चहा घेण्याची सवय लोहाचं शोषण चांगलंच अडवते. तपासणी न करता मात्र लोह सुरू करू नका. गर्भारपणात आणि मूत्रपिंडाच्या आजारात ही तळमळ वाढते. सर्दी-खोकल्याची गुंगी आणणारी औषधं आणि उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइडही ती वाढवतात. ही कारणं दूर करूनही उरली तर त्यावर औषधं आहेत.

झोप चांगली, वेळ चुकीची

पहाटे ३ ते ११ झोपणाऱ्या मुलाला आळशी ठरवून सकाळी ५ वाजता दिवे लावून उठवलं तर उलटा परिणाम होतो. शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याआधी दोन-तीन तास सगळ्यात खाली असतं. त्या बिंदूनंतरचा उजेड घड्याळ पुढे आणतो, आधीचा मागे ढकलतो. ११ वाजता उठणाऱ्याचा हा बिंदू ८ ते ९ च्या सुमारास येतो, म्हणून ५ वाजताचा उजेड त्याला रात्रीचाच उजेड. सुरुवात ११ वाजता, उठताक्षणी गच्चीवर अर्धा तास, इथून करायची. दर दोन-तीन दिवसांनी उठणं आणि उजेड १५ ते ३० मिनिटं अलीकडे आणायचं. रात्री झोपेआधी दोन तास घर मंद. अर्धा ते ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन डॉक्टरांनी दिलं तर ते झोपेच्या वेळेला घ्यायचं नसतं, कित्येक तास आधी घ्यायचं असतं. हे सगळं एका रविवारच्या उशिरा उठण्याने घसरतं.

रात्रपाळीवाल्यांसाठी: पाळीच्या आधी दीड तास झोप काढा, चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यात संपवा, घरी पोचल्यावर रेंगाळू नका. खिडकीला जाड काळा पडदा, दारावर पाटी, फोन बंद, आणि घरच्यांशी स्पष्ट बोलणं, कारण दिवसा झोपलेल्याला उठवण्यात कुणाला गैर वाटत नाही. पाळीनंतर स्वतः गाडी चालवू नका. तीन सेकंदांच्या डुलकीत ताशी ६० किलोमीटरने गाडी ५० मीटर जाते, द्रुतगती मार्गावर ताशी १०० ने ८३ मीटर. खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं याने डुलकी थांबत नाही. सुरक्षित जागी थांबा, कॉफी प्या आणि लगेच २० मिनिटं झोपा. कॉफीचा अंमल जाग येण्याच्या सुमारास चढतो.

थोडक्यात, पण दुर्लक्ष करू नये असे

झोपेत चालणं हे गाढ झोपेतून, म्हणजे पूर्वरात्री होतं. मुलांमध्ये सहसा वयाबरोबर जातं. दाराला वरची कडी, गॅलरी बंद, आणि हळूच हाताला धरून परत अंथरुणावर. उत्तररात्री स्वप्नाबरहुकूम ओरडणं, गुद्दे मारणं, पलंगावरून पडणं हे पन्नाशीनंतर सुरू झालं तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. रेममध्ये अंग लुळं ठेवणारी यंत्रणा बिघडल्याचं ते लक्षण आहे आणि पार्किन्सनची (कंपवाताची) ती वर्षानुवर्षं आधीची सूचना असू शकते.

जाग आली, डोळे उघडे, पण अंग हलत नाही आणि छातीवर कुणीतरी बसलंय, याला अनेक घरांत बाहेरची बाधा समजतात. मेंदू रेममधून जागा झालेला असतो आणि स्नायूंचा लुळेपणा काही क्षण मागे उरलेला असतो. एखाद-दोन मिनिटांत तो जातो. उताणं झोपणं आणि अपुरी झोप याने वाढतो. मात्र त्यासोबत दिवसा अनावर झोप, आणि हसताना गुडघे किंवा मान एकाएकी ढिली पडणं असेल तर नार्कोलेप्सी तपासावी लागते. ती बहुधा किशोरवयात सुरू होते, मुलं 'झोपाळू' म्हणून बोलणी खातात आणि निदानाला वर्षं जातात.

तपासणीची रात्र

श्वासाची शंका असेल तर छातीचे किंवा कान-नाक-घशाचे डॉक्टर, इतर तक्रारींसाठी मेंदूविकार किंवा मानसोपचार तज्ज्ञ. जाताना १४ दिवसांची वही, घोरण्याचं ध्वनिमुद्रण, मानेचं माप, सगळ्या औषधांची यादी आणि शक्यतो शेजारी झोपणारी व्यक्ती सोबत न्या.

श्वासाचीच शंका असेल तर घरी करायची छोटी तपासणी बहुधा पुरते: नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला ऑक्सिमीटर. ती ठीक आली आणि लक्षणं तरीही ठळक असली तर प्रयोगशाळेतली पूर्ण रात्र करावी, कारण घरची तपासणी सौम्य आजार चुकवू शकते. पूर्ण तपासणीत डोक्यावर, डोळ्यांजवळ, हनुवटीवर आणि पायांवर तारा चिकटवतात. त्या दिवशी केस धुऊन जा आणि तेल लावू नका, तेलाने तारा रात्रीत सुटतात. एका बोटाचं नेलपेंट काढा. दुपारी झोपू नका, दुपारनंतर चहा-कॉफी नको, नेहमीची औषधं सांगितल्याशिवाय बंद करू नका. आपली उशी आणि चादर घेऊन जा. तारांच्या जंजाळात झोप नेहमीपेक्षा कमी लागली तरी बहुधा निदानापुरती लागते. रात्री लघवीला जायचं असेल तर स्वतः उठू नका, तंत्रज्ञाला हाक मारा. तो एकच जोडणी सोडवतो आणि सगळ्या तारा न निघता जाऊन येता येतं.